शोळिंगनल्लूर जंक्शन

मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि अर्धा किलो गोडा मसाला भरलेलं एक खोकं डोंबिवलीहून निघालं, तीन दिवसांत चेन्नईत पोचलं आणि पुढे आठ दिवस बेपत्ता झालं. चूक कुरिअरवाल्याची नव्हती. मेहुणीने पत्त्यात ६००११९ च्या जागी ६०००१९ लिहिलं होतं. एका एकाचं शून्य झालं आणि शोळिंगनल्लूरला यायचं खोकं तिरुवोट्रियूरला गेलं. नकाशावर शोळिंगनल्लूर खाली दक्षिणेला, तिरुवोट्रियूर वर उत्तरेला, मधे अख्खं शहर. फोनवर मेहुणी म्हणाली, "अहो भाऊजी, एका आकड्याने काय होतंय? गावाचं नाव चांगलं ठळक लिहिलं होतं की!"

तिला काय सांगणार? माझी सारी नोकरी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टिंगला गेली. गावाचं नाव वाचत बसलो असतो तर एकही रात्रपाळी संपली नसती.

ज्यांनी ते काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोर लाकडी चौकट, तिच्यात खणच खण. डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा. अंगठ्याने वरचं पत्र थोडं पुढे सरकवायचं, नजर टाकायची, उजव्या हाताने खणात भिरकवायचं. हात चुकत नसे, कारण डोकं मधे येत नसे. नजर पिनकोडाच्या पहिल्या तीन अंकांवर पडायची आणि तिथूनच परतायची. ४११ पुणे, ४४० नागपूर, ५६० बंगळूर, ६०० मद्रास. उरलेले तीन अंक ज्या शहरी पत्र जायचं तिथला माणूस बटवड्यासाठी वाचायचा, ते आमचं काम नव्हतं. माझ्या हातून मद्रासच्या खणात किती पत्रं गेली असतील याचा हिशेब नाही, पण त्यातल्या एकाचेही शेवटचे तीन अंक मी वाचले असतील असं वाटत नाही. आता मुलगी चेन्नईच्या ओएमआरवर, म्हणजे ओल्ड महाबलिपुरम रोडवर नोकरीला, जावई तिथेच, आणि आम्ही दोघं वर्षातले चार महिने त्यांच्याकडे. म्हणजे मी न वाचलेल्या तीन अंकांत राहायला आलोय.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, केळशीचे. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृत पंडित होते. एकाच नावाची दहा गावं, दहा लिप्यांमधली अक्षरं, त्यात लिहिणाऱ्याचं वळण. या सगळ्यावर त्यांनी सहा अंकांचा तोडगा काढला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. आठ विभाग भूगोलाचे, नववा सैन्याचा. महाराष्ट्र चारात, गोवाही चारात. तामिळनाडू आणि केरळ सहात. याच वेलणकरांनी एक विलोमकाव्य लिहिलं आहे: सरळ वाचलं की रामाचं, उलट वाचलं की कृष्णाचं. ज्याला असली हौस, त्याने देशाला आकडे वाटावेत याची मला फार गंमत वाटते. कारण इंग्रजी आकड्यांत लिहिलेला आमचा पिनकोड पाकीट उलटं धरून वाचला तर सहाचा नऊ होतो, नवाचा सहा, शून्य आणि एक तसेच राहतात, आणि समोर येतो ६११००९. आता ६११ हा नागपट्टिणमकडचा खण. सरळ धरलं तर शोळिंगनल्लूर, उलटं धरलं तर नागपट्टिणम. रात्री तीन वाजता डुलक्या खाणाऱ्या सॉर्टरच्या हातून हे सहज होईल.

खोक्याच्या भानगडीत एक गोष्ट मात्र नव्याने बोचली. पिनकोडला स्वतःची चूक कळत नाही. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक हा पहारेकरी असतो. व्हेरहूफ नावाच्या डच गणित्याने काढलेल्या रीतीने तो आधीच्या अकरांवरून ठरतो. लिहिताना कुठलाही एक अंक बदलला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, की हिशेब जुळत नाही आणि यंत्र तिथल्या तिथे हटकतं. पुस्तकांच्या आयएसबीएनला असा अंक आहे, बँकेच्या कार्डांना आहे. पिनकोडला नाही. ६००११९ लिहा, ६०००१९ लिहा, दोन्ही खरे, दोन्हीकडे पोस्ट ऑफिस आहे. चुकीचा पिनकोड हा बहुतेक वेळा कुणाचा तरी बरोबर पिनकोड असतो.

खोकं येईपर्यंतचे आठ दिवस रिकामे होते. नातवाला शाळेला सुट्टी. खाली जंक्शनला मेट्रोचं काम, त्यामुळे फिरायला जायचं म्हणजे धूळ खायची. एका दुपारी त्याची जुनी वही घेतली, मागचं पान काढलं आणि म्हटलं, "चल, या ६००११९ ला फोडू."

"फोडू म्हणजे?"

"कशाकशाने भाग जातो ते बघू."

दोनाचा प्रश्नच नव्हता. अंकांची बेरीज सतरा, म्हणजे तीन बाद, नऊही बाद. पाच उघडच नाही. सातने ६००११७ पर्यंत नेलं आणि दोन उरले. पोराने हळहळून 'छ्या' केलं. अकराला उरले तीन. मग तेरा. तेराचा पाढा त्याला येत नव्हता, तो मी म्हणत गेलो आणि तो भागत गेला. बाकी शून्य! भागाकार ४६१६३. मी सहज म्हटलं, पुन्हा तेरा लावून बघ. पुन्हा गेला. उरले ३५५१.

इथे आम्ही अडकलो. सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकतीस. कशानेच भाग जाईना. सदतीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस. पोराला वाटायला लागलं ही मूळ संख्याच असणार, आणि तो पेन्सिलीने घरं रंगवायला लागला. मी ३५५१ कडे बघत बसलो होतो. साठाचा वर्ग ३६००. छत्तीसशेतून एकावन्न वजा एक... नाही, एकोणपन्नास वजा. एकोणपन्नास म्हणजे साताचा वर्ग! लहानपणी शिकलेलं ते एकमेव सूत्र जे जन्मभर विसरलो नाही: वर्गातून वर्ग वजा झाला की बेरीज गुणिले वजाबाकी. साठ अधिक सात, साठ उणे सात. ६७ गुणिले ५३. फर्मा नावाचा फ्रेंच वकील मोठमोठ्या संख्या अशाच फोडायचा हे मला नंतर समजलं, पण त्या दुपारी मला आपणच फर्मा असल्यासारखं वाटलं. पानावर खाली दुहेरी रेघ मारून लिहिलं: ६००११९ = १३ × १३ × ५३ × ६७.

संध्याकाळी मुलगी आली. पान बघून हसली. म्हणाली, "बाबा, तुम्ही दुपारभर जे केलंत ना, तेच मोठ्या संख्येला कुणाला जमत नाही म्हणून आमचा सगळा धंदा चालतो." तिने सांगितलं की ६१७ अंकी एक संख्या आहे, आरएसए-२०४८ म्हणतात तिला. दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे एवढं सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दोन कोणत्या ते अजून कुणी काढून दाखवलेलं नाही. बँकेचे व्यवहार असल्याच संख्यांच्या आडमुठेपणावर उभे. मी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर अजून दिवे होते. आमची संख्या काही आडमुठी नव्हती. तेराने दोनदा दार उघडून दिलं होतं.

पण खरी मजा दुसऱ्या दिवशी आली, आणि ती आणली एका देवळालीच्या शाळामास्तरांनी.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ मध्ये तिथे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळेत शिकवलं. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. अंकांचा नाद मात्र असा की दुसरं काही दिसायचंच नाही. आम्हा डोंबिवलीकरांना त्यांच्याबद्दल एक खासगी अभिमान आहे. १, १२१, १२३२१ अशा चढत जाऊन उतरणाऱ्या संख्यांच्या घराण्याला त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटलं, कारण ती कल्पना त्यांना जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर सुचली. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. सकाळी आठ वाजता आमच्या फलाटावर उभं राहून कुणाला काही सुचलं तर तो माणूस कापरेकरांपेक्षा मोठा मानावा लागेल.

कापरेकरांचे खेळ मी नातवाला एकेक करून दाखवले. पहिला हर्षद संख्येचा. अंकांची बेरीज करायची आणि तिने मूळ संख्येला भागायचं. निःशेष गेला तर ती हर्षद, आनंद देणारी. रामानुजन यांची ती प्रसिद्ध १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. हर्षद! मद्रासमध्ये पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या रामानुजन यांची संख्या आमच्या मास्तरांच्या कसोटीला उतरते याचा मला उगाच आनंद झाला. ६००११९ मात्र सतराने भागली की दोन उरतात. सातालाही दोनच उरले होते. "दोनानेच हुकते प्रत्येक वेळी," नातू म्हणाला, वर्गातल्या एखाद्या मुलाविषयी बोलावं तसा.

दुसरा खेळ स्वयंभू संख्येचा, आणि इथे आमची संख्या उघडी पडली.

कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्माला येते. २३ घेतले तर २ आणि ३ पाच, म्हणून २८. २३ ही २८ ची जनक. आता उलट प्रश्न: प्रत्येक संख्येला जनक असतो का? नाही. विसाला नाही, एकतिसाला नाही, बेचाळिसाला नाही. कितीही मागे जा, त्यांना जन्म देणारी संख्या सापडत नाही. या स्वयंभू. देवळाली संख्या असंही त्यांना म्हणतात, आणि कोलंबिया देशातल्या एकाने स्वतंत्रपणे मांडल्या म्हणून कोलंबियन संख्याही. आम्ही चेन्नईचे पिनकोड घेऊन बसलो. ६०००५९ स्वयंभू, म्हणजे पूर्व तांबरम. अकरा मिळवले की ६०००७०, अनकापुतूर, तीही स्वयंभू. पुन्हा अकरा, ६०००८१, तोंडियारपेट. पुन्हा अकरा, ६०००९२, विरुगम्बाक्कम. पोराला वाटलं आता आपलाही नंबर लागणार. पण आमच्या ६००११९ ला जनक निघाला. ६००१०६ घ्या: ६, १ आणि ६ मिळून तेरा, तेरा मिळवले की ६००११९. जनक अरुम्बाक्कम.

वही मिटणार होतो. पण सॉर्टरची खोड: एक पत्र खणात टाकलं तरी गठ्ठ्यात खाली त्याचं जुळं चिकटलेलं असू शकतं. आणखी मागे गेलो. ६०००९७: ६, ९, ७ मिळून बावीस. बावीस मिळवले. ६००११९!

दोन जनक. आणि ६०००९७ म्हणजे तोरैपाक्कम, आमच्याच रस्त्यावर, उत्तरेला.

ज्या संख्येला एकाहून जास्त जनक असतात तिला कापरेकरांनी दिलेलं नाव ऐका: जंक्शन. आता शोळिंगनल्लूरच्या चौकाला इथली सगळी माणसं काय म्हणतात? बस कंडक्टर काय ओरडतो? 'शोळिंगनल्लूर जंक्शन'. ओएमआर आणि मेडवाक्कमचा रस्ता इथे भेटतात, इथूनच पूर्वेला कालव्यावरून ईसीआरकडे, म्हणजे ईस्ट कोस्ट रोडकडे जाता येतं. मेट्रोच्या दोन मार्गिकाही इथेच एकत्र येणार आहेत. एक माधवरमहून ओएमआरने, तोरैपाक्कमवरून खाली येणारी. दुसरी माधवरमहूनच निघून पश्चिमेला वळसा घालणारी, कोयंबेडूच्या अंगाने, म्हणजे अरुम्बाक्कमच्या शेजारून. ज्या धुळीमुळे आमचं फिरणं बंद झालं होतं ती याच दोन मार्गिकांची. संख्येचे आईबाप आणि मेट्रोचे रूळ एकाच दोन वाटांनी येताना बघून मी जागचा उठलो आणि पाणी प्यायलो.

मग थोड्या वेळाने शुद्धीवर आलो. असं का होतं ते नीट बघितलं तर त्यात चमत्कार काही नाही, 'हातचा' आहे. ६०००९७ वरून ६००१०६ वर गेलो की संख्या नवाने वाढते. पण वाटेत शंभर ओलांडले जातात, हातचा एक पुढे जातो, मागचा नऊ पुसला जातो, आणि अंकांची बेरीज बावीसवरून तेरावर येते. बरोबर नवाने घटते. वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकतात. (तमिळमध्ये नव्वदला तोण्णूरु म्हणतात, त्या शब्दातच नूरु, म्हणजे शंभर, दडलेला आहे. आपण एकोणीस म्हणतो तेव्हा वीस दडवतो, तसंच. नवाच्या घरात आलं की सगळ्याच भाषांना पुढचा टप्पा दिसायला लागतो की काय!) आणि शंभरीच्या या काठावर आमचीच एक संख्या जंक्शन आहे असंही नाही. ६००१०७ पासून ६००१२३ पर्यंतच्या नऊच्या नऊ विषम संख्या जंक्शन आहेत. पहिली ६००१०७, कोयंबेडू, जिथे वर्षानुवर्षं चेन्नईचा सगळ्यात मोठा एसटी स्टँड होता. ही मेली पुन्हा जंक्शनच निघाली! पण नवांपैकी एखादी जुळली म्हणून दैवी संकेत शोधायचा नसतो. उरलेल्या सातांचं काय, हे विचारायचं असतं. मी नकाशा उघडला नाही. थोडी मजा शिल्लक राहू द्यावी.

हातच्याचं हे प्रकरण कापरेकरांनी कुठवर नेलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या कोणती? १९६१ मध्ये त्यांनी ती काढली: १०००००००००००००१ लिहू का? नको, शून्यं मोजताना तुमचीही मेहुणी होईल. (मी आत्ताच एक जास्त लिहिलं.) एकावर बारा शून्यं आणि शेवटी पुन्हा एक, अशी चौदा अंकी. लीलावतीच्या मोजणीने एक शंकु आणि वर एक. तिचा एक जनक खुद्द शंकु. दुसरा शंकुतून ९९ कमी, तिसरा १०८ कमी. दुसऱ्याच्या अंगावर ओळीने अकरा नऊ असतात, शेवटचा एक धरून अंकांची बेरीज शंभर होते आणि तो शंकु ओलांडून अलगद एकावर उतरतो. एवढे नऊ एकदम कोसळावे लागतात तेव्हा तिसरा बाप मिळतो. हाताशी संगणक नसताना मास्तरांनी ते शोधलं.

आता एक बोच. गणितातल्या थोर माणसांना असले खेळ फारसे आवडत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. ६००११९ चे अवयव १३, १३, ५३, ६७ हे कुठेही खरे. आपल्याला आठच बोटं असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तरी ते असेच राहिले असते. तसंच दुसरं: लाग्रांजने १७७० मध्ये दाखवलं की कुठलीही पूर्ण संख्या चार वर्गांच्या बेरजेने बनते. काहींना तीन पुरतात, काहींना दोन. आमच्या संख्येला आठाने भागलं की सात उरतात, आणि अशा संख्यांना तिनांत भागत नाही, चारही लागतात: ७७४ चा वर्ग, ३१ चा, ९ चा आणि १ चा. करून बघा. याच वाटेने रामानुजन पुढे गेले. १९१७ मध्ये, केंब्रिजला असताना, त्यांनी वर्गांच्या आधी वेगवेगळे गुणक लावून सगळ्या संख्या देणाऱ्या पंचावन्न जोडण्यांची यादी केली. त्यातली एक पंधरावर अडते हे नंतर लक्षात आलं, म्हणजे खऱ्या चोपन्न. हे सगळं संख्येच्या हाडामासाचं आहे. कापरेकरांचं जंक्शन मात्र दहाच्या मोजणीपुरतं. मोजायची रीत बदला, तोरैपाक्कम आणि अरुम्बाक्कम परके होतात. म्हणून ते 'मनोरंजन' या खात्यात. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांच्या परंपरेत तसल्या गणिताला मान नाही. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिलं तेव्हा मास्तरांचं नाव जगभर गेलं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

पण मी सॉर्टर आहे, आणि माझं म्हणणं वेगळं आहे. पिनकोड ही मुळात कशाची मोजणीच नव्हे. सहा लाख एकशे एकोणीस काय? आंबे? माणसं? अरुम्बाक्कमपेक्षा शोळिंगनल्लूर तेराने मोठं आहे असं कुणी म्हणतं का? पिनकोडाला पाढ्यातली संख्या समजणं हीच खरी चूक. तो सहा अंकांचा, डावीकडून उजवीकडे वाचायचा, एकेका अंकासाठी थांबायचा पत्ता आहे. हाडामासाचा नाहीच तो, कपड्यांचाच आहे. मग त्याला गणित कुठलं शोभेल? जे अंकांना अंक म्हणून हातात घेतं तेच. कापरेकरांचं गणित जर कुठे बिनतक्रार लागू पडत असेल तर ते पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात.

शिवाय मद्रासने त्यांना ऐकून घेतलं होतं. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक त्यांना १९४६ मध्ये सापडला आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा, पुन्हा तेच करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते आणि हलत नाही. देवळालीहून मद्रासला जाऊन, इंग्रजीत, विद्वानांपुढे शाळामास्तराने हे फळ्यावर लिहिलं असेल तेव्हा खडूचा आवाज कसा आला असेल, असं मला कधीकधी वाटतं.

खोकं आलं त्या दिवशी सकाळी आम्ही तोच खेळ आमच्या सहा अंकांवर लावला. सहा अंकांना चारांसारखा एकच मुक्काम नसतो. काही संख्या एका स्थिर संख्येवर थांबतात, काही दुसऱ्या, आणि बऱ्याचशा एका चक्रात सापडून गोल गोल फिरत राहतात. त्यामुळे काय होईल ते सांगता येत नव्हतं. ९६११०० वजा ००११६९. आले ९५९९३१. पुन्हा: ९९९५३१ वजा १३५९९९, ८६३५३२. पुन्हा: ८६५३३२ वजा २३३५६८. आले ६३१७६४. नातवाने आणखी एकदा केलं, ७६६४३१ वजा १३४६६७, आणि ओरडला, "आजोबा, थांबली!"

६३१७६४. नीट बघा, आत ६१७४ बसली आहे. फक्त तिच्या अंगात एक तीन आणि एक सहा शिरले आहेत. आपल्याकडे ज्यांच्या पाठी एकमेकांकडे, तो छत्तीसचा आकडा. इथे दोघं एकेक बाक पकडून मुकाट बसलेत.

"हा पिनकोड कुठला?" त्याने विचारलं.

या क्रमांकाचं पोस्ट ऑफिस कधी माझ्या पाहण्यात आलं नाही. पण पहिले तीन अंक मला पाठ होते. ६३१ चा खण कांचीपुरमकडचा. शोळिंगनल्लूर २०११ मध्ये चेन्नई महापालिकेत आलं, पूर्वी ते कांचीपुरम जिल्ह्यात होतं. नल्लूर म्हणजे तमिळमध्ये चांगलं गाव. तीन पायऱ्यांत आपल्या जुन्या जिल्ह्याच्या वाटेला लागलं होतं ते. हे मी नातवाला सांगितलं नाही. कालच त्याला योगायोगावर भाषण दिलं होतं.

दुपारी खोकं उघडलं. मसाल्याची पुडी एका कोपऱ्यात फुटली होती आणि भाजणीला गोड्या मसाल्याचा वास लागला होता. ही म्हणाली, थालीपिठं आणखी चांगली होतील. मेहुणीला पोच कळवायची म्हणून मी पोस्टकार्ड काढलं. फोन होताच, पण घरात पोस्टकार्ड शिल्लक ठेवायची सवय गेलेली नाही. मजकूर मी सांगितला, लिहिलं नातवाने. सहा चौकटींत ४२१२०१, एकेक अंक पेन घट्ट धरून. मग मागे पाठवणाऱ्याचा पत्ता, त्याखाली इंग्रजी आकड्यांत आमचा पिनकोड. लिहून झाल्यावर त्याने कार्ड उलटं धरून एकदा वाचलं, पुन्हा सरळ केलं, आणि सहाच्या खाली एक आणि नवाच्या खाली एक अशा दोन आडव्या रेघा ओढल्या.

"नागपट्टिणमला जायला नको," म्हणाला.